उजव्या बाजूची पदकं

देवाला मी कधी नाय म्हटलं नाही, पण त्याच्यापुढं जायचं मात्र बरीच वर्षं टाळलं. मी चौथी शिकलेला माणूस, मालाच्या जहाजावर खलाशी होतो. एकाहत्तरच्या लढाईत आमचं जहाज चालूच होतं, त्याचं मला एक पदक मिळालं. माझे वडील त्याआधीच्या, इंग्रजांच्या राज्यातल्या मोठ्या लढाईत विलायती आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकणारे. त्यांची बोट बुडाली, ते भाजले, पण वाचले. त्यांना तीन पदकं मिळाली. ती त्यांनी पत्र्याच्या डबीत ठेवली, छातीला कधी लावली नाहीत.

दर श्रावणात ते मला वेरूळला घृष्णेश्वराला न्यायचे. तिथं गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी सदरा काढायचा असतो. वडिलांनी सदरा काढला की पाठभर भाजल्याचे डाग दिसायचे, लोक वळून बघायचे, आणि मला लाज वाटायची. मी माझं पदक घेऊन घरी आलो तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन लई वेळ पाहिलं, मग आपली डबी काढायला उठले. मी म्हणालो, "राहू द्या. तुम्ही खाली बसून कोळसा टाकला. लढाई मी पाहिली." ते "व्हय बाबा" म्हणाले आणि खाली बसले. त्यानंतर त्यांनी माझ्यापाशी समुद्राचा विषय काढला नाही. ते गेले, तोवर माझ्याच्यानं चुकलो असं म्हणवलं नाही. वेरूळही तेव्हापासून सुटलं.

पुढं मी याहून वाईट केलं. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत झेंडावंदनाला कोट घालून जायचो. छातीवर एकटं पदक उघडं वाटायचं, म्हणून एका वर्षी डबीतली तिन्ही त्याच्याच शेजारी डावीकडं टाचली. लोक म्हणाले, बाप रे, चार चार पदकं. मी गप्प राहिलो. मग दर वर्षी तेच. घरात सुनेलासुद्धा ती चारही माझीच वाटायची.

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. सून म्हणाली, "मामंजी, आधी वेरूळला जाऊन येऊ. आता हट्ट पुरे." गेलो, पण तोच कोट घालून. देवानंही पाहावं, असा माज. गाभाऱ्याच्या तोंडाशी कपडे काढा म्हणाले, तर मी अडून बसलो. रांग तुंबली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, वरातीला आलात का दर्शनाला?" तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "द्या इकडं, मी धरतो." का कोण जाणे, मी कोट आणि सदरा त्याच्या हातात दिला. आत पिंडीवर हात ठेवून वाकलो तर ऑपरेशनचं मागणंच सुचेना. माझ्या उघड्या पाठीवर एकही डाग नव्हता, एवढंच डोक्यात आलं.

बाहेर आलो तर कोट त्याच्या मांडीवर होता आणि तीन पदकं उजवीकडं लावलेली. म्हातारा म्हणाला, "चुकून डावीकडं लागली होती. ही मोठ्या लढाईची, तेव्हा तुम्ही जन्मलाही नसाल. बापाची पदकं लेकानं उजवीकडं लावायची, अशी फौजेतली रीत आहे." चुकून म्हणाला तो. एका शब्दात त्यानं माझी लबाडी झाकली होती. सून शेजारी उभी होती. "मामंजी, ही तुमची नव्हेत?"

व्हय, चुकून लागली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "माझ्या वडिलांची आहेत. मी जाणूनबुजून मिरवली." सुनेनं मला सदरा घालायला मदत केली. वळून पाहिलं तर म्हातारा उठून दर्शनाच्या रांगेत गेला होता. त्या उघड्या पाठींत त्याची कोणती, ते मला ओळखू आलं नाही.

ऑपरेशन नीट झालं, देवाची कृपा. आता झेंडावंदनाला एक पदक डावीकडं असतं, तीन उजवीकडं. कुणी विचारलं तर सांगतो, माझे वडील कोळसा टाकायचे म्हणून बोट चालायची. ज्यांना हे ऐकवायचं होतं ते राहिले नाहीत, ही रुखरुख जाणार नाही. यंदा वेरूळला कोट घरीच ठेवून गेलो. सदरा काढला, वाकलो, आणि चुकलो म्हणालो. उत्तराची वाट पाहिली नाही.