विषय क्रमांक अकरा

नगरपालिकेच्या सभागृहात आम्ही मागच्या बाकांवर बसलो होतो, काही दुकानदार, काही रहिवासी. रस्ता रुंद करायचा म्हणून आमच्या भिंतींवर लाल फुल्या मारल्यात. शेजारी आमच्या गल्लीतले शिंपी दत्तूकाका. गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती. तिचं टोक ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"दुकान नऊ फूट," ते हळूच म्हणाले. "साडेचार जाणार. उरलेल्यात मशीन बसतं, मी नाही बसत."

भीती अशी फुटा-इंचांत येते, हे मला या फुल्यांनीच शिकवलं. संकट म्हणजे काहीतरी अवाढव्य असेल असं वाटायचं. आता रोज सकाळी दार उघडलं की मी एवढंच बघते, की जिन्याची दुसरी पायरी फुलीच्या अलीकडे आहे की पलीकडे. आणि रोज ती मला थोडी पलीकडे सरकलेली दिसते.

समोर क्लार्क भराभर विषय वाचत होता. प्रत्येकाला पुढच्या रांगेतल्या नगरसेवकांकडून "मंजूर, मंजूर" येत होतं. मग आमचा अकरावा विषय आला.

"कोणाचा विरोध?" अध्यक्षांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

दत्तूकाकांचा हात वर गेला, टेपसकट. शिपाई लगेच जवळ आला.

"काका, हात खाली घ्या. मागचे हात मोजणीत धरत नाहीत."

काकांनी हात खाली घेतला. तेव्हा कुठे माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तो मांडीवर होता, आणि दुसऱ्या हाताने मी तो घट्ट दाबून धरला होता.