दिलशादने मागितली ओसी

दिलशाद मूळची पश्चिम बंगालमधल्या मालद्याची. आठ वर्षं रोडपालीतल्या स्वप्नसागर सोसायटीत पाच घरची धुणीभांडी करत होती. खरकटं काढायचं होतं तोवर ती कुठली, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मग मोबाइलवर कसलासा व्हिडिओ फिरला आणि बंगाली बोलणारी प्रत्येक बाई एका दुपारीत बांगलादेशी झाली.

सेक्रेटरी हितेशभाईंनी तिचा गेटपास काढून घेतला. आधार दाखवलं, तर म्हणे नकली असतं. रेशनकार्ड दाखवलं, तर म्हणे आईचा जन्मदाखला आण. आई जन्मली शेतात. तिथे दाखला काय म्हशीने द्यायचा? तरी ती गावी गेली, गाडीभाडं नि वकील धरून नऊ हजार घालवले आणि आईच्या शाळेचा कागद आणला. इकडे महिन्याचे बारा हजार बुडाले. वर खोलीमालकाने ‘रिस्क आहे’ म्हणत भाडं पाचशेने चढवलं.

कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या छातीत धडधडायचं, पोलीस आले वाटायचं. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका.”

“घेत नाय हो, घरपोच येतंय.”

रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. तिथे तिने कागद पुढे केला. हितेशभाईंनी तो उलटसुलट केला. “शिक्का पुसट आहे. पक्का कागद नाही तर एंट्री नाही, बाई.”

दिलशादचं डोकं सणकलं. “मग साहेब, बिल्डिंगची ओसी दाखवा ना.”

हितेशभाईंनी घाईने कागदाची घडी घातली. इमारत राहण्याजोगी आहे, असा महापालिकेचा तो दाखला न मिळवताच बिल्डर पसार झाला होता. भांडी घासताना त्याचं रडगाणं तिने पाचही घरांत ऐकलं होतं.

“सात मजले, कागद नाय. तुमी तरी राहता. मी भांडी पण नाय घासायची?”

ज्यांच्या भातशेतावर बिल्डिंग उभी, त्या चंद्रावती आजी खदाखदा हसल्या. “बोल ना रं हितेश! तू भुजवरनं आलास तवा आमी तुजा कागद बगितला काय?”

गेटपास मिळाला. तिसऱ्या मजल्यावरची अंकिता म्हणाली, “ये उद्यापासून. फक्त पाचशे कमी घे हं, एवढं सगळं झालंय ना.”

“कोणी केलं, ताई?” दिलशादने विचारलं आणि ते घर सोडलं. एका घरात तोवर दुसरी बाई लागली होती. बारा हजारांचे सात झाले. चढलेलं भाडं काही उतरलं नाही.

गेटवरच्या वहीत ती रोज नाव लिहिते. लिहिते असं दाबून, की खालच्या दोन पानांवर उमटतं.