धर्मादायाची मूठ
पिंजलेल्या कापसाचा वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. विलायतेला आपला कापूस सोन्याच्या भावानं जात होता, त्या साली माय आणि मी सरकी काढलेला कापूस गाडीत भरून अमरावतीच्या बाजारात गेलो होतो. तिथले व्यापारी प्रत्येक गाडीतून धर्मादायाची म्हणून कापसाची मूठ काढून घेत. त्यातून बैलांना पाण्याचा हौद बांधून देऊ, असा त्यांचा शब्द होता. मूठ कसली, चांगली कवभर असायची! त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, बैलांच्या जिभा बाहेर आल्या होत्या, आणि हौदाच्या जागी नुसता खड्डा होता. धर्मादायाचा कापूस ज्याच्याकडे जमा व्हायचा, त्या शेटच्या दुकानात माय तडक शिरली. शेट नव्या गादीवर लोळत होता आणि पिंजारी धर्मादायाच्या ढिगातला कापूस पिंजून दुसरी गादी भरत होता. "हौद काहून नाई झाला?" मायनं विचारलं. "हो जाएगा, बाई. बसा नं," शेट गादी थोपटत म्हणाला. मायनं पिंजाऱ्यापुढचा कापूस कवेत घेतला. "आमच्या बैलाच्या पाण्यावर लोळून राह्यला काय रे?" ती कडाडली आणि माल न विकताच तिनं गाडी वळवायला लावली. आमच्यामागं सगळ्याच गाड्या वळल्या. महिन्याभरात हौद झाला. त्यावर दगडात कोरलंय, 'शेटजींच्या दातृत्वाने'. आज म्हातारपणीही तिथं बैलांना पाणी पाजलं, की त्या अक्षरांवर ओंजळभर चिखल थापल्याशिवाय मी हलत नाही.