"आता सांग, हे कोणाचं?"

कागदावरच्या कंपनीच्या नावावर तो आपला जाड अंगठा ठेवायचा, नाव पुरतं झाकलं गेलंय ना हे वाकून बघायचा आणि विचारायचा, "आता सांग, हे कोणाचं?"

मी काहीतरी पुटपुटायची. तो थांबायचा नाही. "बिस्किटाचं? विम्याचं? का लग्न जुळवणाऱ्यांचं?" मग "नको" म्हणून अंगठा उचलायचा. अंगठ्याचा तेलकट ठसा माझ्या कामावर तसाच राहायचा.

तोंडावर मी त्याला सर म्हणत असे. मनात तो एकेरीच होता, आणि इथेही मी एकेरीच लिहिणार आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती भेटली नाहीत तर दिवस बरा जातो.

बेळ्ळंदूरच्या आयटी पट्ट्यातल्या त्या कंपनीत मी पुण्याहून आले ती एकाच कामासाठी. कंपनी छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते: पेशंटचे नंबर, केसपेपर, बिलं. तिला आता सगळं नवं हवं होतं. बोधचिन्ह, रंग, अक्षरं, गळ्यातल्या ओळखपत्रापासून इमारतीवरच्या पाटीपर्यंत सगळं. काम माझं, पण पसंती त्याची, कारण ब्रँडचा प्रमुख तो. जुनं बोधचिन्हही त्यानंच काढलेलं. कंपनी जुन्या शहरात, बसवनगुडीत, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती तेव्हाचं. निळा पृथ्वीगोल, भोवती केशरी पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला स्टेथोस्कोप. पृथ्वीला ताप आलाय की काय, असं वाटायचं.

ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं ते तुम्हालाही आधीच सांगून टाकते. नवं बोधचिन्ह लागलं की त्याची खुर्ची जाणार होती. मुंबईहून एक बाई त्याच्या जागी यायच्या ठरल्या होत्या आणि याला सल्लागार म्हणून बाजूला बसवायचं होतं. हे त्यालाही सांगितलेलं होतं. म्हणजे जोवर तो माझ्या कामाला "नको" म्हणत होता, तोवर त्याची खुर्ची शाबूत होती. अशा माणसाच्या "नको"वर कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवला नाही.

तो मूळचा बेळगावकडचा, राहायला बनशंकरीत. ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी, सिक्युरिटी आणि ड्रायव्हर मंडळींशी कन्नड. मराठी त्यानं फक्त मला झापण्यासाठी राखून ठेवली होती. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तो माझ्याकडे वळायचा आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता, अगदी गोड आवाजात म्हणायचा, "काय पुणेकर, हे काढताना झोपली होतीस काय? असलं तर आमच्या गल्लीतलं पोरगंबी काढंल की." बाकीच्यांना वाटायचं, दोघं मायबोलीत ख्यालीखुशाली विचारताहेत. माझ्या शेजारची मल्याळी मुलगी एकदा म्हणाली, "किती नशीबवान आहेस तू, ऑफिसात आपल्या भाषेत बोलायला कोणीतरी आहे." मी तिला काय सांगणार, कपाळ!

दर शुक्रवारी मी आठवड्याचं काम छापून भिंतीवर लावत असे. तो येऊन एकेक कागद नखानं उचकटून काढायचा. पण फेकायचा नाही. घडी घालून आपल्या टेबलाच्या खणात ठेवायचा, आणि सोमवारपासून जेवताना डब्याखाली एकेक पसरायचा. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, शेंगाचटणी, आणि खाली माझे पंख पसरलेले पक्षी, माझी पानं, माझे दोन जोडलेले हात. वांग्याचं तेल त्यांच्यात मुरत असायचं. मी बघतेय हे पाहून तो म्हणाला, "कागद बाकी चांगला वापरतीस." मी त्या दिवशी कँटीनमध्ये जेवले नाही.

मग मी हृदय काढलं. दोन रेषांत, गुलाबी-जांभळं, मधे नाडीची लाट. कंपनीच्या फाउंडरनं ते जाता जाता माझ्या पडद्यावर पाहिलं आणि तिथंच उभं राहून टाळ्या वाजवल्या. "हेच घ्या. लाँचची तारीख ठरवा." मला वाटलं, सुटले. मीटिंग बसली. यानं अंगठा ठेवला, फाउंडरकडे बघितलं आणि इंग्रजीत शांतपणे सांगितलं की हे नको. फाउंडरचा चेहरा पडला. आता फार उशीर होतोय, असं फाउंडर म्हणाला. यानं मान हलवली. "होऊ दे. अजून मी आहे तोवर होऊ दे."

मी बाहेर येऊन मुद्दाम मराठीतच, मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "सर, खुर्ची किती दिवस टिकवायची आहे अशी?"

तो लिफ्टकडे चालला होता. थांबला, पण वळला नाही. "उद्या शिक्का करून आण ह्याचा," म्हणाला.

"कसला शिक्का?"

"रबरी शिक्का. बसवनगुडीत मिळतोय करून. दवाखान्यात केसपेपरवर मारत्यात तसला."

"आजकाल शिक्के कोण मारतं, सर?"

"तुझ्या पुण्यात नसतील मारत. आपलं सॉफ्टवेअर घेणारे डॉक्टर मारत्यात."

हा वेळ काढायचा नवा धंदा, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. तरी रिक्षा करून त्या रहदारीतून बसवनगुडीला गेले. शिक्के करणाऱ्यानं हृदय पाहून "स्वल्प कष्ट, मॅडम", म्हणजे जरा अवघड आहे, म्हणून मान हलवली, पण करून दिलं. ऑफिसात यानं तो शाईत बुडवला आणि मारला. नाडीची लाट आणि हृदय मिळून जांभळाचा डाग पडावा तसं काहीतरी उमटलं. त्यानं काही म्हणायच्या आत मी तो कागद फाडला.

त्यानंतर मी पाच-सहा दवाखान्यांत नुसती जाऊन बसले. रागानंच गेले. याला दाखवायचंच होतं. बसून बसून एवढंच लक्षात आलं की तिथं बसलेला प्रत्येक माणूस एकाच गोष्टीकडे बघत असतो: डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडतंय का. मी दोन जाड रेषा काढल्या. एक उभी, एक तिच्यापासून कललेली. किलकिलं दार. बाकी काही नाही.

दाराचाही शिक्का मी करून नेला; या वेळी तो त्यानं भरपूर शाईनं मारला, वाळक्या शाईनं मारला, तिरका मारला, अर्धा मारला. फुंकर घालून बघत राहिला. मग छापील कागद घेतला, नावावर अंगठा ठेवला. विचारलं मात्र काही नाही. स्वतःच म्हणाला, "दवाखाना." मग अंगठा उचलून म्हणाला, "पाठव मालकाला. माझी पसंती आहे म्हणून सांग."

त्यानं एक "नको" म्हटलं असतं तर अजून महिना-दोन महिने सहज निघाले असते, आणि त्याला कोणी जाब विचारला नसता. तो आपला डबा उघडायला लागला. खणातून कागद काढला, तो त्या फाडलेल्या हृदयाचा अर्धा होता.

मला त्याचा राग आला होता आणि तो गेला नाही. एवढं पसंत होतं तर एक चांगला शब्द बोलायला काय झालं होतं? तो चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. मला रडवताना त्याला मजा वाटायची, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

लाँचच्या दिवशी सगळे वरच्या हॉलमध्ये जमलो. फाउंडरनं भाषणात जुनं बोधचिन्ह पडद्यावर मोठं करून दाखवलं. तापलेली पृथ्वी. हॉलभर हशा पिकला. शिट्ट्याही झाल्या. मीही हसले. मग नवं दार आलं, टाळ्या झाल्या, मला पुढे बोलावलं आणि केक कापायची सुरी माझ्या हातात दिली. तेवढ्यात फोन वाजला.

"खाली ये," तो म्हणाला. मागे ड्रिलचा आवाज होता. "पाटीवरलं तुझं दार बंद करून लावालेत."

"काय?"

"कामगारांना वाटलं एक रेघ वाकडी बसलीय. बिचाऱ्यांनी सरळ केली. दोन खांब झालेत नुसते. ये लवकर."

"सर, इथं केक..."

"सरी, बरं, काप तू केक. मी बघतो." फोन बंद झाला.

फोटो झाले, मग आणखी फोटो. मुंबईच्या बाई माझ्याशी फार गोड बोलल्या. खाली पोचेपर्यंत दुपार टळली होती. शिडी उतरवून झाली होती. जुनी पाटी तुकडे होऊन पार्किंगमध्ये पडली होती, केशरी पट्टा एकीकडे, गोळा एकीकडे, आणि त्यावर कामगारांनी डबे ठेवून जेवण उरकलेलं दिसत होतं. तो कुठेच नव्हता.

मुकादम म्हणाला, "सार बहुत गाली दिया मॅडम. तीन बार निकाला, तीन बार लगाया. फिर चला गया." कुठे, म्हणून विचारलं तर त्यानं रस्त्याकडे हात केला. "बोला, मॅडम को बोलो, उधर से देखो, बाद में सही करो."

सोमवारपासून त्याला सल्लागार व्हायचं होतं, पण तो आलाच नाही. निरोप समारंभही झाला नाही. कोणाला सुचलंच नाही.

त्या दुपारी मात्र हे काही माहीत नव्हतं. मी सर्व्हिस रोड ओलांडून पलीकडे गेले. वर कन्नड अक्षरं, खाली इंग्रजी, डावीकडे माझं दार. कामगार सहीचा कागद घेऊन माझी वाट बघत उभे होते. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. दाराचा कल, अक्षरांमधलं अंतर, कडेचे खिळेसुद्धा. ऊन डोळ्यांवर येत होतं तरी हलले नाही. हातात फोन तयार होता. केसाएवढी जरी चूक सापडली असती तरी त्याला फोन लावून कडकडून भांडता आलं असतं.

सापडली नाही.