आपल्याच पडद्यावरची अक्षरं

आक्काचा धाकटा भाऊ वेबसाइट बनवायचा. कामाला चोख गडी, पण अक्षरांच्या बाबतीत फार हौशी. नवा फॉन्ट दिसला की आपल्या कॉम्प्युटरवर चढवलाच, आणि मग एकेक अक्षर मोठं करून न्याहाळत बसायचा.

आक्का वाचनालय सांभाळायची. वाचनालयाची वेबसाइट करायचं निघालं, तेव्हा तिने समितीपुढे छातीठोक सांगितलं, "माझा भाऊ करील. शब्द माझा." भावाला एकच बजावलं, "आमची माणसं वय झालेली आहेत रे. त्यांना वाचता आलं पाहिजे."

"आक्का, बघतच राहशील!"

त्याने सडपातळ, राखाडी अक्षर निवडलं. मथळ्याला तर घातलंच, पानभर मजकुरालाही तेच. मग स्वतःचा कॉम्प्युटर काखेत मारून समितीला दाखवून आला. वाहवा झाली. गडी दोन बोटं उंच होऊन घरी आला.

महिन्याने तो वाचनालयात गेला. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायलाच. दारातच आक्काचा आवाज कानावर आला, पार बसलेला. फोनवर ती म्हणाली होती, सर्दी झालीय. आत बघतो तर ती जुन्या कॉम्प्युटरला नाक लावून चार म्हाताऱ्यांना नव्या पुस्तकांची माहिती वाचून दाखवतेय. शेजारी घशाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

त्याने पडद्याकडे पाहिलं. त्याचा फॉन्ट होता फक्त त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. इथल्या कॉम्प्युटरने आपल्याजवळचा कुठलासा लावून वेळ मारून नेली होती. वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर. त्यात तो राखाडी रंग. धुरात हरवलेल्या मुंग्या जशा.

"सांगितलं का नाहीस?" तो पुटपुटला.

"काय सांगू? शब्द माझा होता. आणि तू असा नाचत होतास, की तोंड उघडवेना."

त्या चौघांतले जाड भिंगांचे निवृत्त पोस्टमन मध्येच म्हणाले, "बाई, हे ज्याने केलं, त्याला एकदा इथं आणून बसवा. जन्मभर लोकांचे गिचमिड पत्ते वाचले मी, पण ह्याने हात टेकायला लावले."

आक्काने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव तर घेतलंच नाही. तेच जास्त लागलं. शिव्या घातल्या असत्या तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

तो गुपचूप कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसला आणि एकेक फॉन्ट लावून दाखवू लागला. "काका, हे दिसतं का?"

"पुढचं."

"हे?"

"दिसतं. वाचवत नाही."

शेवटी त्याने कुठल्याही कॉम्प्युटरवर सापडणारा, साधासुधा फॉन्ट लावला. आकार वाढवला, रंग काळा केला, ओळी सैल सोडल्या. ज्याला तो इतकी वर्षं कारकुनी अक्षर म्हणून हिणवायचा, तोच हा. पोस्टमनांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन परिच्छेद न अडखळता वाचले. आक्का महिन्यात पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती.

"काका," तो खालमानेने म्हणाला, "ते आधीचं मीच केलं होतं."

"ठाऊक आहे," पोस्टमन पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मघापासून कान लाल आहेत तुझे. एवढं तर चष्म्याशिवायही वाचता येतं मला. आता सरक, उजेड अडवतोयस."