बोर्डावरचा तुंडू

१२ फेब्रुवारी. आजचे काम: कॅनडातल्या लेकीचे बर्फ उडवायचे यंत्र चालता चालता बंद पडते, ते कुंभकोणमला बसून फोनवर दुरुस्त करायचे.

खरे तर हे काम आमच्या वायरमन मामांचे. कोणतेही बिघडलेले यंत्र पुढे ठेवा, ते आधी यंत्राकडे पाहतच नसत. बोर्डाजवळ जात, फ्यूजचा पांढरा चिनीमातीचा ठोकळा उपटत, सदऱ्याच्या खिशात टाकत आणि खिशावर दोनदा थापटत.

"जीव खिशांत आहे, अक्का. आतां दाखवा."

वायरिंग आणि मोटर दुरुस्ती हा त्यांचा धंदा. आमच्यासारखेच तेही मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेल्या घरातले. दुकानात तमिळ, आमच्या दारात मराठी. हडकुळा देह, खांद्यावर हिरव्या काठाचा पंचा. पंच्याला आम्ही इकडे तुंडू म्हणतो. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. दहा मिनिटांच्या कामाला तो चाळीस मिनिटे लावतो, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत चरफडता. मीही चरफडत असे.

एकदा दुपारी माझा ग्राइंडर बंद पडला. त्यांनी नीट केला, कॉफी घेतली आणि गेले. मी बटण दाबले तर काहीच नाही. फ्यूज त्यांच्या खिशात! आत उडीद अर्धवट वाटलेले. शनिवारी ते गोविंदपुरमला भजनाला जात, हे ठाऊक होते. स्कूटर काढून तिथे गेले. ते डोळे मिटून टाळ वाजवत होते. मी सरळ माणसांतून वाट काढली, त्यांच्या खिशात हात घातला, फ्यूज काढला आणि परत फिरले. टाळ चुकला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अक्का, भर भजनांत खिसा कापलात."

"आणि तुम्ही भर दुपारीं माझं पीठ आंबवलंत."

"पण कोणाला शॉक बसला कां? नाहीं ना?" हे त्यांचे शेवटचे उत्तर. 

पुढे घरोघरी नवे बोर्ड आले. फ्यूज गेले, खटके आले. खटका उपटून खिशात घालता येत नाही. ते माझ्या नव्या बोर्डासमोर उभे राहून म्हणाले, "ह्यांत मीं काय खिशांत घालूं?" मग त्यांनी खांद्यावरचा तुंडू काढला आणि बोर्डावर टांगला. त्या दिवसापासून तोच नियम झाला. बोर्डावर हिरव्या काठाचा तुंडू म्हणजे ते तारेवर आहेत, खटक्याला कोणी हात लावायचा नाही. गल्लीतल्या लहान पोरांनासुद्धा हे माहीत होते.

गेल्या हिवाळ्यात लेकीने हे बर्फाचे यंत्र घेतले. दोन मिनिटे चाले आणि बंद पडे. दारापुढे गुडघाभर बर्फ, गाडी अडकलेली. इकडे संध्याकाळ होती आणि ते माझ्या स्वयंपाकघरात पंखा बसवत होते. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी जन्मात बर्फ पाहिला तो फक्त सरबतातला.

"हें काय दळतें?"

"दळत नाही हो मामा. पुढून बर्फ गिळतं आणि बाजूला लांब फेकतं."

"म्हणजे खळ्यावरचा भूस उडवायचा पंखाच कीं. बर्फ कोरडा कां ओला?"

"आज ओला आहे. आत गोळा अडकलाय. थांबा, काढते." आणि ही यंत्राच्या तोंडात हात घालायला निघाली.

"प्लग कोठें आहे?" एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"भिंतीत. पण यंत्र बंद आहे, मामा."

"बंद नाहीं, थांबलेंय. निवलें कीं कधींही फिरेल. प्लग काढ. हातांत धर. मला दाखव." आणि फोनकडे पाठ करून उभे राहिले. लेक तिकडून म्हणाली, "हा बघा प्लग, हातात आहे," तेव्हा वळले.

मग शांतपणे एकेक विचारले. बर्फाचा गोळा काठीने काढायला लावला. वायर केवढी? लांबलचक, बारीक, दिव्यांच्या माळेसाठी आणलेली, निम्मी गुंडाळीतच. "हात लाव. ऊन आहे?"

"अय्यो, गरम आहे! बाहेर एवढी थंडी, आणि वायर गरम!"

"करंट वाटेंतच बसून जेवतो. यंत्रापर्यंत उपाशी पोंचतो. त्यांत तूं त्याला ओला बर्फ घांसावर घांस भरवतेस. तें तापतें आणि जळूं नये म्हणून आपलें आपण थांबतें. जाड वायर आण, आखूड आण. अर्धाच पन्हा घे, हळू चाल."

लेकीने तसे केले. यंत्र चालले. त्यांनी आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगितले की आपण परदेशात एक केस सोडवली.

आता रागाचे सांगते.

आमच्या थोरल्या दिरांचे कल्याण मंडप, म्हणजे लग्नाचे कार्यालय, आहे. तिथल्या कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे. जानेवारीच्या शेवटी एक लग्न होते. मुहूर्ताला अर्धा तास उरला आणि व्यासपीठावरचे पंखे, दिवे सगळे बंद पडले. मामांना बोलावणे गेले. ते आले, खटका खाली करून वीज बंद केली, बोर्डावर तुंडू टांगला आणि व्यासपीठामागे शिडीवर चढले. वधूचा बाप घामाने भिजून ओरडत होता. दीर तरातरा आले. त्यांनी दोन बोटांनी तुंडू उचलून बाजूच्या खुर्चीवर टाकला आणि खटका वर केला.

मी नारळांची टोपली घेऊन सहा हातांवर उभी होते. मी ओरडले. पण काय ओरडले? आधी "भाऊजी" म्हणाले आणि मग "नको". थोरल्या दिरांना नुसते "नको" कसे म्हणायचे? पंचवीस वर्षांची सवय. तेवढ्यात शिडी वाजली. मामा पडले ते उठले नाहीत.

पंखे फिरू लागले होते. लग्न झाले. लोक जेवले.

पोलिसांना दिरांनी सांगितले की लाईट बंद न करताच तो चढला, निष्काळजी माणूस. तेच लिहिले गेले. निष्काळजी! जो माणूस भजनातही फ्यूज खिशात ठेवून बसे, तो! तुंडू मी खुर्चीवरून उचलला आणि कोठीच्या कपाटात ठेवला. दिरांनी मला उचलताना पाहिले. त्या दिवसापासून ते मला रोज "जेवलीस कां?" विचारतात. त्याआधी कधी विचारले नव्हते.

तेराव्याला मामांची बायको माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. एवढेच विचारले, "अक्का, तुम्ही तेथें होतां. त्यांनी तुंडू टांगला नव्हता कां?"

मी म्हणाले, "गर्दी होती. दिसलें नाहीं."

हे मी म्हणाले. ज्यांना राग येईल त्यांनी माझ्यावरही रागवावे, मी रांगेत पुढे आहे.

नवऱ्याचे म्हणणे, मुद्दाम कोणी केले का? घरातले घरात राहू दे. गेलेला माणूस परत येणार आहे का? मी त्याला विचारले, "परत येणार नाहीं म्हणून त्याला बेफिकीर म्हणायचें?" तो पेपर वाचू लागला.

आणि आज संध्याकाळी लेकीचा फोन. यंत्र पुन्हा बंद पडते. वायर जाड आहे, थंड आहे, तरीही. मला त्यांच्याइतके कुठे कळते? त्यांचे प्रश्न मात्र पाठ झाले आहेत. पहिला विचारायला तोंड उघडले, तोच तिने फोनसमोर हात धरला. हातमोज्यातल्या मुठीत प्लग.

"आधी हा बघ, आई. मग विचार."

"मीं अजून विचारलेंच नाहीं."

"मामांनी सांगितलंय ना. याशिवाय मी त्याच्या जवळसुद्धा जात नाही."

मग तिने काठीने यंत्राचे तोंड खरवडले. बर्फ फेकायच्या नळीत रात्रीचे पाणी गोठून दगड झाले होते. तो फोडला, प्लग लावला, यंत्र धडधडत चालू झाले. ती हसली. मी फोन ठेवला. सातासमुद्रापलीकडे एक मुलगी त्या माणसाच्या शब्दाखातर प्लग हातात घेते, आणि इथे त्याच्या नावापुढे निष्काळजी लिहिलेले आहे. आणि पुरावा माझ्या कपाटात, नारळांच्या मागे.

१३ फेब्रुवारी. सकाळी कोठी उघडली. तुंडू काढला. धुतला नाही. किल्ल्यांचा जुडगा दिरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारले, "जेवलीस कां?" मी तुंडू घेऊन बाहेर पडले.

तिथून मामांच्या घरी गेले. बायको दारात तांदूळ निवडत होती. म्हणाले, "तुंडू बोर्डावरच होता. कोणी काढला तेंही मीं पाहिलें. तेराव्याला मीं खोटें बोललें. चप्पल घाला." तिने हातातले तांदूळ सुपात टाकले. मग सूप बाजूला ठेवले आणि चप्पल घातली.

पोलीस ठाण्यात तुंडू टेबलावर पसरला आणि जबाब लिहायला कागद मागितला. टेबलामागच्या माणसाने फायलीवरून तुंडू बाजूला सारायला हात पुढे केला.

"हात लावूं नका," मी तमिळमध्ये म्हणाले. आधी 'सर' म्हटले नाही.