सभामंडपात चढणारं बीपी

झुंबरबाईंचा डावा डोळा गेल्यातच जमा होता आणि उजव्यावर साय धरली होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली हे त्यांना नाकानं कळायचं, डोळ्यांनी नाही. तरी मोतीबिंदूच्या शिबिरातून त्यांना तिसऱ्यांदा परत पाठवलं.

"बीपी फार आहे, आजी. असं असताना डोळ्याला हात लावता येत नाही. आणि आता फार उशीरही करू नका. मोतीबिंदू पिकून फुटला, तर आम्हीही काही करू शकणार नाही," डॉक्टर म्हणाले.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी त्यांचं गाव. शिबीर भरायचं देवळाच्या सभामंडपात. ज्यांचं बीपी ठीक, त्यांना गाडीत बसवून दौंडच्या दवाखान्यात नेत. गाडी निघून गेली, की मंडपात सतरंज्या गुंडाळणारी माणसं आणि झुंबरबाई तेवढ्या उरत.

गावातली आशा कार्यकर्ती अंकिता काळजीनं विचारायची, "मावशी, गोळी चुकवत न्हाई ना?"

"न्हाई गं."

"मीठ कमी केलंय का?"

"आळणी खाऊन जिभंवर गवत उगवलं माझ्या!"

शेजारच्या साखरबाई मोठ्यानं म्हणाल्या, "झुंबरबाई, तुमचं रगातच गरम. मेंढरांमागं रानोमाळ फिरलेली माणसं तुम्ही, चार भिंतीत कुठं मानवायचं तुम्हांला?"

बायका हसल्या. झुंबरबाईही हसल्या. इतकी वर्षं त्या असंच हसत आल्या होत्या.

त्यांचे मालक भिमाजी हे धनगरवस्तीतले पहिले गडी, ज्यांनी मेंढरं विकून नदीकाठी जमीन घेतली आणि पाटलांच्या आळीत घर बांधलं. "आपुन आता बागायतदार," असं ते मिशीला पीळ देऊन म्हणायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रविराज कुरकुंभच्या कंपनीत, बायकापोरांसह तिकडेच खोली करून. फोनवर एकच सांगायचा, "आई, सुट्टी मिळंना."

आळीत झुंबरबाईंना कुणी कधी शिवी दिली नाही, की पाण्याला नाही म्हटलं नाही. घडलं होतं ते एवढंच. नव्या घरातली पहिली संक्रांत. त्या नवं लुगडं नेसून साखरबाईंच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या, सगळ्यांच्या मधे बसल्या. साखरबाईंची सासू आतल्या बाईला म्हणाली, "जरा उदबत्ती लाव गं. मेंढवाडा शिरला घरात." हसण्याची लाट उठली आणि विरून गेली. कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल.

झुंबरबाईंच्या मात्र अंगानं ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन वेळा वासाच्या साबणानं अंघोळ करायला लागल्या. चार बायकांत गेल्या की दाराशी, चपलांजवळ बसायच्या. तिथं बसलं की खांदे आपोआप कानांकडे चढत, तळहातांना घाम सुटे. आणि त्यांना स्वतःलाही न कळता त्या श्वास धरून ठेवत. आपल्या अंगाचा, तोंडाचा वास कुणापर्यंत जाऊ नये म्हणून. घरातली मेंढरं जाऊन आता पंचवीस वर्षं उलटली होती. सभामंडपातही त्या दाराशीच बसायच्या आणि दंडाला पट्टा बांधला, की गच्च श्वास धरून निश्चल व्हायच्या. त्यांना वाटे, हललं न्हाई, हूं न्हाई की चूं न्हाई, म्हंजी मशीनला आपण चांगलं दिसू.

तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी घराला कुलूप घातलं आणि एसटीनं न्हावरा, चौफुला करत धाकट्या भावाकडे गेल्या. म्हाळूनं अजून मेंढरं सोडली नव्हती. उन्हाळ्यात तो केडगावच्या बाजूला ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप शेतात बसला की रानाला खत मिळतं आणि शेतकरी त्याबदली ज्वारी देतो. रानात पाल ठोकलेलं, बाजूला घोडं बांधलेलं, जाळीच्या कुंपणात कोकरं.

"आक्का, आलीस व्हय!" म्हाळू लांबूनच ओरडला. "डोळं गेलं तरी वाट बरी घावली!"

"तुझ्या बोकडाच्या वासानं आले," त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. असली थट्टा आपल्या तोंडून निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. म्हाळूची बायको भागुबाई पोट धरून हसली.

म्हाळूच्या नातवाला डोस द्यायला उपकेंद्राच्या सिस्टर पालावर आल्या, तेव्हा शिबिराची हकिकत ऐकून त्यांनी झुंबरबाईंचंही बीपी घेतलं. आकडा पाहून पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला.

"कोण म्हणालं तुम्हांला बीपी आहे?"

"मशीन बिघाडलंय का, बाई?"

"मशीन चांगलं आहे. तिकडं मोजतात तेव्हा कुठं बसता?"

"दाराशी."

"आणि इथं?"

झुंबरबाईंनी हातानं चाचपून पाहिलं. एका अंगाला भागुबाई, दुसऱ्या अंगाला मांडीवर डोकं टेकून निजलेलं पोर. त्या बरोबर मधे बसल्या होत्या.

सिस्टरांनी पट्टा गुंडाळून पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "गोळी सोडू नका. पण आता शिबिराच्या गाडीनं जाऊ नका. वहिनींना बरोबर घ्या आणि सरळ दौंड गाठा."

म्हाळू मधेच म्हणाला, "सिस्टर, माझ्या बोकडाचंबी बघा की. लई तापट हाय त्यो."

दौंडच्या दवाखान्यात बाकड्यावर रांगेत बसल्यावर भागुबाई सारखी बोलत होती. कुठल्या मेंढीला जुळं झालं, कुठल्या कुत्र्यानं कुणाची चप्पल पळवली. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून सरकली. झुंबरबाईंना ते धूसर दिसलं. खांदे वर चढले. आता पट्टा बांधतील आणि चौथ्यांदा परत जावं लागेल.

भागुबाई मात्र खुशाल पाय पसरून म्हणाली, "सरकू द्या वन्सं! आपल्याला ऐसपैस झालं."

झुंबरबाईंना हसू फुटलं. पट्टा फुगत होता तेव्हाही त्या हसतच होत्या. नर्स रागावली, "आजी, हसू नका, हलतंय." आकडा जरा चढाच होता, पण चालण्याजोगा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सगळ्यांत आधी त्यांना भागुबाईच्या कपाळावरचं हिरवं गोंदण दिसलं. "पुसट झालं की गं," त्या म्हणाल्या आणि त्यावरून बोट फिरवलं.

डॉक्टरांनी बजावलं, "दीड महिना धूळ नको, धूर नको. चुलीसमोर बसायचं नाही. जनावरांजवळ तर अजिबात नाही."

"पालावर?" भागुबाईनं विचारलं.

"छे! बंद घरात राहायचं. जंतू गेला तर डोळा जाईल."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर दोघी उभ्या राहिल्या. म्हाळूचा फोन आला होता, शेत झालं, कळप पुढच्या रानाला हलवायचाय. भागुबाईला थांबता येणार नव्हतं.

"रविराजला बोलवा," ती म्हणाली.

"बोलावते."

रविराज म्हणाला, रविवारी बघतो.

झुंबरबाईंनी आपल्या घराचं कुलूप काढलं, तेव्हा सगळं लख्ख दिसलं. वाशांवरची जळमटं, भिमाजींच्या फोटोवरची धूळ. झाडायची सोय नव्हती. काळा चष्मा लावून त्या खाटेवर बसल्या. डोळ्यात थेंब घालायला कुणी नव्हतं. मान मागे टाकून स्वतःच घालताना निम्मं औषध गालावरून ओघळलं.

बाहेर साखरबाईंचा आवाज आला. "आलात व्हय झुंबरबाई? दिसतंय का आता?"

खांदे लगेच वर चढले. श्वास अडकला. या वेळी मात्र झुंबरबाईंना ते कळलं. त्यांनी खांदे खाली सोडायचा प्रयत्न केला, पण ते ऐकेनात. इतक्या वर्षांची सवय, त्यांचं तरी काय चुकलं?

"दिसतंय की. आत या, बसा," त्या म्हणाल्या. "थेंब घालाल का डोळ्यात?"

साखरबाई उंबऱ्यावर घुटमळल्या. "माझं हात खरकटं हायत. सांजच्याला येते."

पावलं लांब गेली. झुंबरबाईंनी श्वास सोडला आणि बाटली पुन्हा उघडली.